कण्हेर हॉक मॉथ : अंड्यापासून पतंगापर्यंतच्या प्रकल्प नोंदी

२ जुलै

तगरीच्या दोन झुडपांवर आज चौदा अंडी सापडली आणि वर्षभर लांबणीवर पडत आलेले काम अखेर सुरू झाले. कण्हेर हॉक मॉथ, म्हणजे डॅफ्निस नेरी हा पतंग, अंड्यापासून पंख उघडेपर्यंत घरात वाढवायचा, रोज मोजमाप घ्यायचे आणि प्रत्येक अवस्थेचे छायाचित्र काढायचे, एवढाच या कामाचा आवाका आहे. ज्यांना हेच करून पाहायचे असेल त्यांना माझ्या चुका तरी उपयोगी पडाव्यात, म्हणून या नोंदी ठेवत आहे.

काल दिवेलागणीच्या सुमारास मादी झुडपाभोवती घिरट्या घालताना दिसली होती. ती पानावर बसत नाही. पंख फडफडवत हवेतच थांबते, पोटाचे टोक कोवळ्या पानाला क्षणभर टेकवते आणि पुढच्या फांदीकडे सरकते. एका ठिकाणी एकच अंडे असते, कधी पानाच्या वरच्या बाजूला तर कधी खालच्या. त्यामुळे झुपका शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. मीही सकाळी पहिल्या फेरीत तीन अंडी दवबिंदू समजून सोडून दिली होती. दुपारी उन्हातही ते थेंब जागेवरच आहेत असे दिसले, तेव्हा भिंग आणले. अंडे फिकट हिरवे, गुळगुळीत, जवळजवळ गोल आणि साधारण दीड मिलिमीटरचे आहे. ज्या पतंगाचा पंखविस्तार ९ ते ११ सेंटिमीटर भरतो त्याच्या मानाने ते फारच लहान वाटते.

अंडी खरवडून न काढता पानासकट कापली आणि झाकणाच्या एका पारदर्शक डब्यात ओल्या कापसावर मांडली. खोलीचे तापमान २६ ते २९ अंश सेल्सियसच्या दरम्यान आहे.

६ जुलै

पहाटेपासून दुपारपर्यंत चौदापैकी बारा अंडी फुटली. उरलेली दोन कालच चेपल्यासारखी दिसत होती आणि ती फुटतील असे वाटत नाही. पाने कापताना माझ्याच बोटांखाली ती दबली असावीत.

नुकती बाहेर आलेली अळी ३ ते ४ मिलिमीटर लांब आणि झगझगीत पिवळी असते. तिच्या मागच्या टोकावर केसासारखे बारीक, काळे आणि शरीराच्या मानाने विलक्षण लांब शिंग असते. पुस्तकांतली चित्रे बहुधा शेवटच्या अवस्थेतील जाड हिरव्या अळीची असतात, त्यामुळे ही पिवळी दोरी पाहून दुसऱ्याच कुठल्या किड्याची अंडी आणली की काय, अशी शंका मला तासभर छळत होती. अळीने पहिल्यांदा स्वतःच्याच अंड्याचे कवच खाल्ले आणि मग ती पानाच्या कडेकडे वळली. संध्याकाळपर्यंत पोटात पान गेलेल्या अळ्या आतून हिरवट दिसू लागल्या आणि शंका मिटली.

७ जुलै

पहिली मोठी हानी आज झाली, आणि ती पूर्णपणे माझ्या चुकीने. कोवळी पाने वाळू नयेत म्हणून मी डब्याचे झाकण घट्ट लावले होते आणि खाली ओला कापूस तसाच ठेवला होता. रात्रीतून डब्याच्या भिंतींवर पाण्याचे थेंब जमले आणि त्यांत तीन अळ्या चिकटून मेलेल्या आढळल्या. एवढ्याशा अळीला हरभऱ्याएवढा थेंबही विहिरीसारखा असतो.

आता नऊ अळ्या आहेत. झाकण काढून टाकले आहे, डब्याच्या तोंडावर मलमलीचे कापड ताणून रबर लावले आहे आणि तळाशी टीपकागद अंथरला आहे. फांदीचे देठ पाण्याच्या छोट्या बाटलीत घालून बाटलीच्या तोंडाशी कापूस कोंबला आहे, कारण अळी देठावरून खाली उतरून पाण्यात बुडते असे इतरांकडून ऐकले होते आणि ती चूक तरी मला करायची नव्हती. पाने या पद्धतीने दीड दिवस टवटवीत राहतात. म्हणजे घट्ट झाकणाची गरज मुळात नव्हतीच.

१० जुलै

कालपासून सगळ्या अळ्यांनी खाणे सोडले होते. पुढचा भाग किंचित उचलून त्या पानावर दगडासारख्या बसून होत्या. ७ तारखेच्या तीन मृत्यूंमुळे माझा धीर सुटलेला होता, म्हणून हा रोगच आहे असे समजून मी एका अळीला ब्रशने उचलून ताज्या पानावर ठेवले. ती आज सकाळी मेली. तिची कात डोक्यामागे फाटली होती, पण मागच्या अर्ध्या शरीरावर तशीच आवळून बसली होती.

उरलेल्या आठही अळ्या रात्रीतून कात टाकून मोकळ्या झाल्या होत्या. कात टाकण्याआधी अळी पानावर रेशमाची बारीकशी गादी विणते आणि पोटाखालच्या मांसल पायांचे आकडे त्या गादीत रोवून बसते. जुनी कात अशी पानाला जखडलेली राहिली, की अळीला फक्त पुढे चालत तिच्यातून बाहेर पडायचे असते. मी उचललेल्या अळीची ती पकडच सुटली, त्यामुळे तिने अंग आक्रसले तरी कात तिच्याबरोबरच सरकत राहिली. तेव्हा न खाणारी, न हलणारी, पुढचा भाग उचललेली अळी दिसली तर चोवीस तास तिला हात लावू नये; पान सुकले तरी चालेल, तिच्या खालचे पान बदलू नये. नवे पान शेजारी टेकवून ठेवले की काम भागते.

दुसऱ्या अवस्थेतील, म्हणजे एकदा कात टाकलेली, अळी आता पिवळी राहिलेली नाही, पोपटी झाली आहे. शिंग अजून काळे आणि लांबच आहे.

१४ जुलै

तिसऱ्या अवस्थेला सुरुवात होऊन दोन दिवस झाले. छातीच्या तिसऱ्या वलयावर दोन्ही बाजूंना एकेक फिकट ठिपका आता भिंगाशिवाय दिसतो. पोटाच्या पहिल्या वलयापासून शिंगापर्यंत जाणारी पांढरी रेघही स्पष्ट झाली आहे.

ही नोंद मात्र ठिपक्यांसाठी लिहायला घेतलेली नाही. झुडपांवरचे कोवळे शेंडे संपत आले म्हणून परवा तगरीचे एक नवे रोप विकत आणले होते. पाने तुकतुकीत होती, एकाही पानाला भोक नव्हते, आणि नेमकी तीच गोष्ट मला खटकायला हवी होती. आठपैकी चार अळ्या त्या पानांवर सोडल्या. काही तासांत त्यांच्या तोंडातून हिरवा द्रव येऊ लागला, अंग आकडीसारखे वळू लागले आणि रात्रीपर्यंत तिघी मेल्या. चौथीला मी वेळेत जुन्या झुडपाच्या पानावर हलवले. ती दिवसभर निपचित पडून होती, आता थोडे खाते आहे. घराच्या झुडपावर राहिलेल्या चारही अळ्यांना काही झालेले नाही. रोपावर कीटकनाशक मारलेले होते हे उघड आहे.

पाने धुऊन उपयोग होईल अशी आशा कोणी धरू नये. काही कीटकनाशके मुळांवाटे झाडाच्या रसात उतरतात आणि पानाच्या आतच असतात. आणलेले रोप निदान काही महिने वेगळे ठेवावे, नवी पालवी फुटू द्यावी आणि त्या पालवीवर आधी एकच अळी सोडून दोन दिवस वाट पाहावी. मला हे शिकायला तीन अळ्या मोजाव्या लागल्या. आता पाच उरल्या आहेत.

१७ जुलै

चौथी अवस्था सुरू आहे. पाच अळ्या मिळून आता दिवसाला जेवढी पाने खातात तेवढी पहिल्या आठवड्यात मिळूनही खाल्ली नव्हती. तगरीचे शेंडे पुरेनात, म्हणून काल कण्हेरीच्या फांद्या आणल्या. पतंगाच्या नावातच कण्हेर असल्यामुळे अळ्या आनंदाने खातील असे मी गृहीत धरले होते. त्यांनी पानाला तोंड लावले, दोनतीन ठिकाणी कुरतडले आणि मग फांदीवरून वर-खाली नुसत्या फिरत राहिल्या. अठरा तास असे वाया गेल्यावर मी हार मानली आणि लांबच्या एका झुडपावरून तगर आणली. ती मिळताच पाचही जणी वेळ न दवडता खायला लागल्या.

कण्हेर, तगर, सदाफुली आणि अडेनियम ही सगळी एकाच कुळातली झाडे या अळीचे खाद्य आहेत, यात शंका नाही. पण ज्या अळीने पहिला घास तगरीचा घेतला तिला अर्ध्या वाटेवर कण्हेर देणे ही वेगळी गोष्ट आहे, त्यातून माझ्या फांद्यांची पाने जून आणि चामड्यासारखी होती. झाड एकदा ठरवले की ते शेवटपर्यंत पुरेल का, याचा हिशेब पहिल्या दिवशीच करावा. माझ्या अंदाजाने एका अळीला शेवटच्या आठवड्यात मध्यम आकाराच्या झुडपाच्या दोनतीन भरगच्च फांद्या लागतात.

एक सावधगिरी इथेच नोंदवते. कण्हेरीत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात आणि या कुळातल्या झाडांचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. फांद्या कापल्यावर मी दर वेळी साबणाने हात धुते आणि कापायची कात्री स्वयंपाकघरात नेत नाही.

२१ जुलै

शेवटच्या, म्हणजे पाचव्या अवस्थेतील सर्वांत मोठी अळी आज फुटपट्टीवर ७.८ सेंटिमीटर भरली. आज तिच्याजवळ तासभर बसून राहिले, कारण हे रूप दोनतीन दिवसांपलीकडे टिकत नाही.

शरीर गर्द पोपटी आहे. बाजूने जाणाऱ्या पांढऱ्या रेघेच्या वर-खाली पांढरे-निळसर ठिपके शिंपडल्यासारखे पसरलेले आहेत. श्वसनरंध्रे काळी आहेत. ज्या शिंगाने पहिल्या दिवशी मला चकवले होते ते आता ओळखूही येत नाही. लांब काळ्या केसाच्या जागी आखूड, जाडसर, खाली झुकलेले पिवळट-नारिंगी बोंडूक उरले आहे. सगळ्यात लक्षवेधी ते दोन ठिपके झाले आहेत. मधोमध पांढरे, भोवती निळे आणि त्याला काळी किनार, असा प्रत्येक ठिपका वाटाण्याच्या आकाराचा आहे. अळी निवांत खात असते तेव्हा ते कातडीच्या घडीत अर्धवट झाकलेले असतात. मी फांदीला टिचकी मारली, तेव्हा तिने डोके आणि पुढची वलये आत ओढून मान खाली वाकवली; त्यासरशी तिसरे वलय फुगले आणि दोन्ही डोळे टक्क उघडले. तो सरपटणाऱ्या प्राण्याचा चेहरा आहे असे माझ्यासारख्या जाणत्या माणसालाही क्षणभर वाटले, मग पाखराला वाटले तर नवल नाही. ती तशीच जवळपास दोन मिनिटे थिजून होती.

खाण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. पानाची कड ती पुढच्या पायांत उभी धरते, डोके वरून खाली आणत अर्धगोल कापते आणि पुन्हा वर जाऊन पहिल्यापासून सुरू करते. एक पान मधल्या शिरेसकट संपवायला तिला सहा मिनिटे लागली. लेंड्या मिऱ्याएवढ्या, खाचा असलेल्या आणि कोरड्या पडतात. टीपकागद दिवसातून तीनदा बदलावा लागतो, नाहीतर बुरशी धरते.

पाचांतली एक अळी हिरवी नसून तांबूस-कांस्य रंगाची झाली आहे. ही आजारी नाही, या जातीत असे रंगभेद आढळतात, हे मी या वेळी आधी वाचून घेतले होते. याच वाचनाच्या भरवशावर दोन दिवसांनी माझी फसगत व्हायची होती.

आज बाहेरच्या झुडपावर एक पूर्ण वाढलेली अळी सापडली. ती वेगळ्या डब्यात ठेवली आहे आणि तिची गणती या पाचांत करत नाही.

२४ जुलै

काल सकाळी सर्वांत मोठ्या अळीची पाठ काळवंडलेली दिसली. दुपारपर्यंत पाठ जवळजवळ काळी आणि बाजू मळकट पिवळ्या झाल्या. त्यात भर म्हणजे तिला पातळ, ओली विष्ठा झाली. सड लागली असे माझे ठाम मत झाले. इतर चौघींना लागण होऊ नये म्हणून मी तिला उचलून रिकाम्या, कोरड्या डब्यात टीपकागदावर ठेवले आणि मनातून तिचा नाद सोडला.

ती आजारी नव्हती, कोष करण्याची वेळ झाली होती. पोट रिकामे करणे, रंग बदलणे आणि झाडावरून उतरून जमिनीवर जागा शोधत भटकणे ही सारी त्याच तयारीची लक्षणे आहेत. हिरव्या झाडावर दडायला हिरवा रंग हवा, तसा पाचोळ्यातून चालायला काळपट हवा, एवढा साधा विचार मला सुचला नाही. रात्रभर ती डब्याच्या भिंतीला घासत गोल गोल फिरत होती. तो खरखर आवाज मला झोपेतही येत होता. झाकायला पान नाही, शिरायला फट नाही, अशा अवस्थेत पहाटे ती कोपऱ्यात दमून पडली. मग वाचन पुन्हा उघडले आणि चूक लक्षात आली. तिच्यावर सुका पाचोळा टाकला, पण तोवर तिच्यात रेशीम विणण्याचे त्राण राहिले नव्हते.

इतर चौघींसाठी संध्याकाळपर्यंत नीट व्यवस्था केली. उथळ, रुंद टबात तळाशी तीन सेंटिमीटर किंचित ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), त्यावर पाचसहा सेंटिमीटर सुका पाचोळा आणि वर जाळी. ओलसर म्हणजे मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी निथळू नये, इतपत. चौघींपैकी दोघी आजच उतरल्या आणि दहा मिनिटांत पाचोळ्याखाली दिसेनाशा झाल्या. ही अळी खोल माती उकरत नाही. पाने रेशमाच्या विरळ धाग्यांनी ओढून घेऊन त्यांत पोकळी करते.

२७ जुलै

बाहेरून आणलेल्या अळीच्या कातडीतून आज पाच पांढुरके किडे बाहेर पडले आणि अळी रिकाम्या पिशवीसारखी लोळागोळा झाली. तासाभरात ते किडे टीपकागदाच्या घडीखाली शिरले. हे परजीवी माशीचे किडे आहेत. माशी अळीवर अंडी घालते आणि तिचे किडे अळीच्या आत वाढतात. अळी वरून अखेरपर्यंत निरोगी दिसते, चांगली खाते. तेव्हा खात्रीचा पतंग हवा असेल तर सुरुवात अंड्यांपासूनच करावी. मोठी अळी उचलून आणली की आत आधीच कोणी राहायला आले आहे का, ते कळायला मार्ग नसतो.

दुसरी नोंद लिहायला लाज वाटते. पहिल्या उतरलेल्या दोन अळ्यांचे काय झाले हे पाहण्याचा मोह आवरला नाही आणि मी चिमट्याने पाचोळ्याचे एक पान उचलले. आत नुकताच कात टाकलेला कोष होता, लिबलिबीत आणि पारदर्शकसर. पानाला धाग्यांनी चिकटल्यामुळे तो पानाबरोबर वर ओढला गेला, पडला आणि त्याच्या बाजूला चीर गेली. द्रव वाहून गेला. नव्या कोषाचे कवच घट्ट व्हायला दिवसभर तरी लागतो. पाचोळ्यात अळी गेल्यापासून निदान सहा दिवस टब कोणीही उघडू नये. कुतूहल फारच अनावर झाले तर टब पारदर्शक घ्यावा आणि खालून टॉर्च मारावा.

आताची स्थिती अशी : पाचोळ्यात तीन, टीपकागदावर कोष झालेली एक वेडीवाकडी आणि मी मारलेली एक.

१ ऑगस्ट

सहा दिवसांचा नियम पाळून आज पाचोळा उघडला. तिन्ही कोष धडधाकट आहेत. सर्वांत मोठा ६.६ सेंटिमीटरचा आहे. रंग फिकट तपकिरी, त्यावर बारीक काळे ठिपके आणि दोन्ही बाजूंना प्रत्येक श्वसनरंध्रावर ठळक काळा डाग, जणू मोटारीच्या खिडक्यांची रांग. सोंडेच्या जागी लांबच लांब गडद रेघ आहे, पण सोंडेचे आवरण अंगाला चिकटलेलेच आहे. रताळ्याच्या वेलावर वाढणाऱ्या हॉक मॉथच्या कोषाला सोंडेचा सुटा वळलेला कान असतो, किटलीच्या दांड्यासारखा. दोन्ही कोष शेजारी आले तर एवढ्यावरून ओळख पटते.

टीपकागदावरचा चौथा कोष आखूड आहे आणि त्याचे पंखांचे आवरण एका बाजूला दुमडलेले आहे. स्पर्श केला तर पोट हलते, म्हणजे आत जीव आहे.

४ ऑगस्ट

या दिवसांत करण्यासारखे काम नसते; दोन दिवसांआड पाचोळ्यावर पाण्याचा हलका फवारा, एवढेच. म्हणून कोष थंडीत ठेवावा का, या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवते, कारण त्याच्याशी व्यवहाराचा संबंध आहे. हॉक मॉथ पाळण्याच्या अनेक सूचनांमध्ये कोष हिवाळाभर थंड जागी किंवा फ्रिजमध्ये ठेवा असे सांगितलेले असते. या जातीच्या कोषाला तो नियम लावला तर तो मरतो, आणि त्याचे कारण तिच्या प्रदेशात आहे.

स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये वर्णिलेला हा पतंग मूळचा आफ्रिका आणि दक्षिण आशियाच्या उष्ण भागांतला. तिथे तो पिढ्यांमागून पिढ्या न थांबता वाढतो, आणि पूर्वेकडे आग्नेय आशियापर्यंत आढळतो. उन्हाळ्यात तो उत्तरेकडे स्थलांतर करतो, भूमध्य समुद्राच्या काठांवर नेमाने पोचतो आणि एखाद्या वर्षी मध्य युरोप, ब्रिटनपर्यंतही जातो. तिथे कण्हेरीच्या कुंड्यांवर त्याची अळी सापडते आणि लोक चकित होतात. पण गोठवणारी थंडी त्याला सोसत नाही आणि कोषात दीर्घ निद्रा घेऊन हिवाळा काढण्याची सोय त्याच्या शरीरात नाही. म्हणून उत्तरेत गेलेली पिढी थंडी पडताच संपते आणि पुढच्या वर्षी दक्षिणेतून नवे पतंग यावे लागतात. हवाई बेटांवर माणसाच्या हातून पोचलेला हा पतंग मात्र उबेमुळे तिथे कायमचा रुजला. थोडक्यात, कोषाला ऊब आणि किंचित ओल द्यायची, बस.

याच डॅफ्निस प्रजातीतला हायपोथस हा पतंग बराच सारखा दिसतो, मात्र तो अधिक गडद असतो आणि त्याच्या पुढच्या पंखाच्या टोकाशी छोटा पांढरा ठिपका असतो. त्याच्या अळ्या कदंबासारख्या वेगळ्या कुळातल्या झाडांवर वाढतात. झाड ओळखले तर अळीची निम्मी ओळख तिथेच होते.

८ ऑगस्ट

कालपासून एका कोषावर पंखांच्या जागी हिरवट छटा दिसू लागली होती आणि कोष गडद झाला होता. आज रात्री साडेनऊला पुढच्या टोकाला चीर गेली आणि पतंग बाहेर आला. मी जागी होते, कॅमेरा तयार होता, फक्त टबाच्या भिंती गुळगुळीत होत्या.

बाहेर येणाऱ्या पतंगाचे पंख ओल्या कापडाच्या चिंध्यांसारखे असतात. त्याला ताबडतोब वर चढून लोंबकळायला जागा हवी असते, म्हणजे शरीरातला द्रव पंखांत शिरून ते खाली सरळ पसरतात. माझा पतंग प्लास्टिकवर चार बोटे चढला आणि घसरला, पुन्हा चढला आणि घसरला, असे चार वेळा झाले. जाळी वर होती, पण तिच्यापर्यंत पोचायला वाट नव्हती. मी खरखरीत काठी आणून टेकवली तोवर वीस मिनिटे गेली होती. डावे पंख नीट उघडले, उजव्या पुढच्या पंखाची कड मात्र चुरगळलेली राहिली आणि तशीच वाळली.

त्याच रात्री उरलेल्या दोन कोषांभोवती चारही बाजूंनी खरखरीत सालीच्या फांद्या आणि तळापर्यंत सोडलेली मच्छरदाणीची जाळी लावली.

१० ऑगस्ट

काल आणि आज एकेक पतंग बाहेर आला, दोन्ही निर्दोष. आजच्याची वेळ घड्याळावर टिपली आहे : कोष फुटला ९ वाजून १० मिनिटांनी, फांदीच्या टोकाला लोंबकळला ९:१३ ला, पंख पूर्ण लांबीला आले ९:३८ ला. त्यानंतर पंख पाठीवर उभे मिटलेले होते, ते पाऊण तासाने बाजूंना आडवे झाले. मधे त्याने कोषातला साठलेला लालसर द्रव टाकला. टीपकागदावरचा तो डाग रक्ताचा नसतो, घाबरू नये.

टॉर्च बाजूला ठेवून त्याला साध्या दिव्यात पाहिले. पुढच्या पंखांवर ऑलिव्ह हिरव्याच्या तीनचार छटा, त्यांतून वळसे घेत जाणारे पांढरट आणि गुलाबी पट्टे, टोकाकडे जांभळट झाक. मुळाशी पांढरट जागेत गर्द हिरवा ठिपका आहे, त्यामुळे खांद्यांवर आणखी दोन डोळे असल्यासारखे वाटते. मागचे पंख मात्र साधे, तपकिरी, मधून एक फिकट रेघ. पानांमध्ये बसला की तो दिसत नाही असे म्हणतात. मी त्याला तगरीच्या फांदीवर ठेवले आणि वही आणायला गेले, परत आल्यावर मलाच शोधावे लागले.

साडेअकराच्या सुमारास तो थरथरू लागला. हे थरथरणे म्हणजे उडण्याआधी स्नायू तापवणे. दोन मिनिटांनी गुणगुण ऐकू आली आणि तो सरळ वर गेला. कालचाही असाच गेला होता. दोघांनाही डब्यात ठेवून जोडी जमवण्याचा विचार सोडून दिला, कारण हे पतंग हवेत तरंगत लांब नळीच्या सुवासिक फुलांतून मध घेतात आणि छोट्या जागेत पंख झिजवून घेतात.

१४ ऑगस्ट

चुरगळल्या पंखाचा पतंग उडू शकत नाही, म्हणून त्याला रोज संध्याकाळी साखरेचे पाणी पाजावे लागते. दहाला एक या प्रमाणात साखर, बाटलीच्या झाकणात. तो स्वतःहून पीत नाही. पंख हलकेच मिटून धरायचे, टाचणीच्या टोकाने गुंडाळलेली सोंड उलगडायची आणि तिचे टोक पाण्यात सोडायचे. पहिल्या दिवशी त्याने झटापट करून खांद्यावरचे खवले माझ्या बोटांवर उतरवले. तिसऱ्या दिवसापासून सोंड पाण्याला लागली की तो शांत होतो आणि पोटाची बारीक हालचाल दिसते. या कामाला रोज वीस मिनिटे जातात.

हिशेब मांडायचा तर अंड्यांची संख्या चौदा, उडालेले पतंग दोन. मधल्या बारांपैकी फक्त एका गोष्टीला, म्हणजे फुटण्याआधी चेपलेल्या दोन अंड्यांना मी निदान दुर्दैवाचे नाव देऊ शकते, आणि तेही पुरते खरे नाही. दिवसांचा हिशेब अंडी सापडल्यापासून पहिला पतंग बाहेर येईपर्यंत ३७ भरतो. त्यातला एक दिवस कण्हेरीच्या हट्टापायी गेला.

२० ऑगस्ट

पंगू पतंग १७ तारखेला मेला. त्याला नऊ दिवस मिळाले.

टीपकागदावरचा वेडावाकडा कोष ११ तारखेनंतर हलायचा थांबला होता, तरी नऊ दिवस थांबून आज तो उघडला. आत पतंग पूर्ण तयार होता. मिशा, पाय, गुंडाळलेली सोंड, खांद्यावरचा पांढऱ्यातला हिरवा ठिपका, सगळे जागच्या जागी होते. फक्त उजव्या बाजूचे पंख जिथे कवच दुमडले होते तिथे त्याच घडीत अडकून वाळले होते. पुढच्या टोकाला आतून ढकलल्याची केसाएवढी चीर गेलेली होती. त्याची लांबी ५.१ सेंटिमीटर, म्हणजे पाचोळ्यातल्या सर्वांत मोठ्या कोषापेक्षा दीड सेंटिमीटरने कमी. कोकोपीटचा टब धुऊन उन्हात ठेवला आहे आणि पाचोळ्याची पिशवी भरून, तारीख घालून, पहिल्या अंड्याआधीच हाताशी राहील अशा जागी टांगली आहे.